तू बंद केलेली तक्रार

प्रिय धाकट्या,

फोन मी मुद्दाम ठेवला. तू आईला सांगितलंस तसं रेंज वगैरे काही गेलं नव्हतं. "अगं ताई, तूच होतीस होय ती? आधी सांगायचं ना! चुटकीसरशी करून दिलं असतं," असं तू हसत म्हणालास, आणि माझ्या ओठांवर जे आलं ते आई शेजारी बसलेली असताना बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. फोनवर तू 'हो गं, हो गं' करत माझं बोलणं गुंडाळून टाकतोस. पत्राला तसं करता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, आणि अधलंमधलं गाळू नकोस. ती तुझी खोड जुनी आहे आणि ती मला भोवलेली आहे.

माझ्या कामाची खोली तू कधी पाहिली नाहीस. हॉस्पिटलच्या तळघरात, एक्स-रेच्या मागे. एका भिंतीतून पाण्याचा पाइप जातो, तो वर कुणी नळ सोडला की घशात काही अडकल्यासारखा आवाज करतो. आम्ही तिघं. अहवाल द्यायच्या खिडकीपाशी आमच्या मॅडम, ज्यांना दिसतं. मधे मी. आणि दाराजवळ मास्तर. मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवायचे ते. पंचेचाळिसाव्या वर्षी डोळे गेले, मग पन्नाशीला टायपिंग शिकून इथे लागले. डॉक्टर लोक तपासणीचे अहवाल तोंडी रेकॉर्ड करतात, आम्ही कानाला लावून ऐकतो आणि टाइप करतो. डॉक्टर बोलतात कसे म्हणशील, तर तोंडात सुपारी धरल्यासारखे. मास्तरांचा सगळा राग त्यावर. "चौथीतल्या पोरांचे पाढे याहून स्पष्ट असायचे," हे त्यांचं रोजचं वाक्य.

कॉम्प्युटर सगळे लिनक्सवर चालतात, जगभरची तुझ्यासारखी मंडळी मिळून बनवतात त्या. पाच मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन लॉक होते. पेशंटची माहिती असते, त्यामुळे हा नियम कडक आहे आणि माझी त्याला हरकत नव्हती. लॉक झाली की स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर सांगायचा, 'पासवर्ड', मी टाकायचे, तो म्हणायचा 'उघडलं', आणि पुढे काम. वर्षानुवर्षं हेच. मग एका मंगळवारी अपडेट आलं आणि लॉक स्क्रीन मुकी झाली. आवाज बंद. ना 'पासवर्ड', ना 'उघडलं', ना 'चुकलं'. तुला याचा अर्थ कळतो का रे? तुझ्यासमोर काळी स्क्रीन आली तर तू निदान 'काळी आहे' एवढं पाहतोस. माझ्यासमोर काय आहे, आहे की नाही, हेच मला कळत नव्हतं. बटणं दाबत होते आणि ती कुठे जात होती देव जाणे.

मी लिनक्सवाल्यांच्या जाहीर तक्रार-यादीत रीतसर तक्रार नोंदवली. 'टंकलेखिका' या नावाने. काय केलं की काय होतं, कोणतं व्हर्जन, कितव्या सेकंदाला आवाज जातो, सगळं क्रमाने. मास्तरांनी तपासून दिलं, "उत्तराच्या आधी रीत लिहायची असते," म्हणून. पहिलं उत्तर तीन दिवसांनी आलं: कृपया स्क्रीनशॉट जोडा. मी वाचलं, पुन्हा वाचलं, मग मोठ्याने मास्तरांना ऐकवलं. ते म्हणाले, "पाठव की, काळ्या कागदाचा." मी नम्रपणे लिहिलं की मला दिसत नाही, तक्रारच ती आहे. मग एकाने लिहिलं, 'माझ्याकडे चालतंय.' असेल बाबा, तुझ्याकडे डोळे आहेत. मी चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग जोडलं: बटणांची टकटक आणि त्यामागची शांतता. तीन आठवडे कुणी काही बोललं नाही. मग दुसऱ्या कुठल्या देशातला एक पियानो सुरात लावणारा माणूस आला, माझ्यासारखाच अंध. त्याने लिहिलं की त्याच्याकडेही हेच होतंय. मग एक वकीलबाई. मग एक शाळेतली शिक्षिका. मग आणखी दोघं. एकूण सहा जण झालो. वाटलं, आता कुणी तरी बघेल.

आणि मग बघितलं. तू. तिथे ज्या टोपणनावाने तू लिहितोस ते मी तुला तू पाच वर्षांचा असताना ठेवलं होतं, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. लॉक स्क्रीनचा भाग तुझ्याकडे आहे हे मला माहीत होतं, पण त्या यादीत तू स्वतः उतरतोस हे ठाऊक नव्हतं. मी अशी हरखले म्हणून सांगू! मॅडमना म्हटलं, "आलाय, आता होईल." मग पुढचं ऐकलं. 'फार थोड्या लोकांना लागू. पुढच्या वर्षी पाहू. बंद.' तीन वाक्यं. त्यातलं एक तर वाक्यही नाही.

मी तेव्हाच नाव सांगू शकले असते. सांगितलं नाही. अहंकार म्हण हवं तर. पण मला बघायचं होतं की ताई नसलेल्या माणसाशी तू कसा वागतोस. मी तक्रार पुन्हा उघडली, सहाही जणांचा हवाला दिला. तू ती 'जुन्या तक्रारीची नक्कल' म्हणून पुन्हा मिटवलीस. ती जुनी तक्रार मी शोधून काढली. चार वर्षांपूर्वीची, वेगळ्याच गोष्टीबद्दलची, आणि तीही बंद. म्हणजे तू माझी तक्रार वाचली नव्हतीस आणि तीही वाचली नव्हतीस.

इतिहासाचं पुस्तक आठवतं? मी पंधरा वर्षांची, तू नऊ. आई कामावर, आणि मला धडे वाचून दाखवायचं काम तुझ्याकडे. खाली पोरं हाका मारत असायची, तू भराभर वाचायचास, आणि एके दिवशी तहाचा अख्खा धडाच गाळलास. परीक्षेत नेमका त्यावर दहा गुणांचा प्रश्न. मी कोरा सोडला. आईने विचारलं तर म्हणाले, माझाच अभ्यास झाला नव्हता. तू दाराआड उभा राहून रडत होतास, मला ऐकू येत होतं. त्यानंतर दोन वर्षांनी तू तो जुना कॉम्प्युटर खटपट करून बोलता केलास. पहिलं काय बोलायला लावलंस, तर माझं नाव, आणि तेही चुकीच्या ठिकाणी तोडून. मी तेव्हा तुला मिठी मारली होती. त्या मिठीचा आता मला राग येतो असं नाही. पण तिचा हिशेब लावून तू मोठमोठ्या सभांतून 'माझ्या बहिणीमुळे मी या क्षेत्रात आलो' असं सांगतोस, त्याचा येतो.

तक्रार तू बंद केलीस म्हणून आमचं काम थांबणार नव्हतं. आम्ही जुगाड सुरू केले. मास्तरांनी शिफ्टच्या बटणावर खोडरबर आणि त्यावर कुलूप ठेवलं, म्हणजे मशीनला वाटावं कुणी तरी बसलंय. आठ सेकंदांत बटणं संथ चालण्याची भलतीच सोय चालू झाली आणि सगळं काम गोगलगायीच्या चालीने. मग कंट्रोलचं बटण. मग मॅडमनी रबर पाहिला आणि जप्त केला. हॉस्पिटलचा कॉम्प्युटरवाला मात्र भला माणूस. जेवणाच्या सुट्टीत तो आणि मी एका रिकाम्या मशीनवर बसलो. चाललेलं जुनं व्हर्जन आणि बिघडलेलं नवं, यांच्यामध्ये सातशे बदल होते. मधला बदल घालून बघायचं. आवाज आला तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नाही आला तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. दहा फेऱ्या, सहा दिवस. शेवटी एकच बदल उरला. कॉम्प्युटरवाल्याने वाचून दाखवला: चार ओळी काढल्या, शेरा 'वापरात नाहीत', आणि खाली तुझं टोपणनाव. मी त्याला म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. मी ते सगळं तक्रारीत लिहिलं. बंद तक्रारीत. त्यावर आजतागायत उत्तर नाही.

वापरात नाहीत! अरे, ज्यांच्या वापरात होत्या ते सहा जण तुला ओरडून सांगत होते.

आता मास्तरांचं ऐक. तोपर्यंत आम्ही आंधळेपणानेच पासवर्ड टाकायला शिकलो होतो. एस्केप दाबायचं, मनात तीन अंक मोजायचे, टॅब, पासवर्ड, एंटर. बहुतेकदा उघडायचं. गेल्या महिन्यात एका गर्दीच्या दिवशी मास्तरांची स्क्रीन लॉक झाली. त्यांनी मोजून पासवर्ड टाकला. आवाज नाही. त्यांनी पुन्हा टाकला. पण पहिल्याच वेळी उघडलं होतं, आवाज तेवढा उशिरा परतला. दुसरा पासवर्ड थेट अर्ध्या लिहिलेल्या अहवालात जाऊन बसला. मास्तरांचा पासवर्ड होता, 'हळूबोलगाढवा७'. अहवाल गेला, डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली, आणि संध्याकाळी खिडकीवर एका पेशंटच्या बायकोने मोठ्याने वाचला: डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी हळू बोल गाढवा सात सौम्य सूज. रांगेतली माणसं हसली म्हणे. मीही ऐकलं तेव्हा हसले, खोटं कशाला सांगू. ती बाई हसली नाही. तिच्या नवऱ्याची छाती होती ती. आणि डॉक्टर तर मुळीच हसले नाहीत. पासवर्ड उघड केला, पेशंटच्या कागदाची थट्टा केली, डॉक्टरांचा अपमान केला, असे तीन ठपके ठेवून मास्तरांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. सही करणाऱ्याला डोळे होते, त्याला कुणी काही विचारलं नाही. मास्तर निघताना खुर्ची नीट टेबलाखाली सरकवून गेले. तेवढाच आवाज झाला.

आणि आता तू. आईच्या तोंडून तुला कळलं की 'टंकलेखिका' म्हणजे मी. तासाभरात तुझा फोन, चाळीस मिनिटांत दुरुस्ती, 'फक्त तुझ्या मशीनपुरती पाठवतोय, बाकीच्यांसाठी पुढच्या मोठ्या आवृत्तीत बघू.' चाळीस मिनिटं, धाकट्या! दोन महिने आम्ही सहा जण दार ठोठावत होतो आणि काम होतं चाळीस मिनिटांचं. मी तुझी बहीण नसते तर मी अजून बाहेरच असते. पियानोवाला अजून बाहेरच आहे. चूक कुणाकडूनही होते, चार ओळींबद्दल मी तुला कधीच काही बोलले नसते. पण 'आधी सांगायचं ना' म्हणजे काय? सांगितलं होतं की! काय होतंय ते सांगितलं होतं. कोण सांगतंय तेवढं फक्त सांगितलं नव्हतं. तू पाठवलेली फाइल मी लावलेली नाही आणि लावणार नाही.

आता शेवटचं, जे मी आईलाही सांगितलेलं नाही. एस्केप, तीन अंक, टॅब, ही युक्ती माझी. मी ती माझ्या आवाजात रेकॉर्ड करून मास्तरांना दिली होती, आणि तिच्या शेवटी स्पष्ट म्हटलं होतं, 'आवाज आला नाही तर पासवर्ड पुन्हा टाका.' आवाज कधीकधी उशिरा येतो हे मला ठाऊक होतं. माझ्याच बाबतीत दोनदा झालं होतं, कोऱ्या पानावर, म्हणून मी पुसून टाकलं आणि पुढे गेले. माझं भागलं होतं. मास्तरांना सांगायचं राहून गेलं. म्हणजे तुझ्याहून मी काही मोठी लागून गेले नाही, आणि ते कळल्यापासून माझा निम्मा राग माझ्यावरच आहे. ही युक्ती कुणाची, असं मास्तरांना दोनदा विचारलं गेलं. त्यांनी दोन्ही वेळा स्वतःचंच नाव सांगितलं. सोमवारी अकरा वाजता त्यांची चौकशी आहे, तीन जणांसमोर, आणि त्यात ठरेल ते परत येणार की नाही. मी तिथे जाऊन रेकॉर्डिंग ऐकवणार आहे. मग मलाही घरी बसवतील, बसवू देत. तुझ्याकडून मला एक कागद हवा आहे. बिघाड प्रोग्रॅममध्ये होता, अमुक तारखेला झाला, अमुक तारखेला तो कळवला गेला आणि अमुक माणसाने न वाचता तो बंद केला, एवढंच. खाली टोपणनाव नको, पूर्ण नाव आणि सही. आणि तक्रार सगळ्यांसमोर उघड, दुरुस्ती सगळ्यांना दे. रविवारपर्यंत पाठव, किंवा स्वतः ये. दोन्ही नाही केलंस तरी सोमवारी तुझं नाव मी घेणारच आहे, आडनावासकट, कारण ते आडनाव माझंही आहे.

तुझीच, आणि म्हणूनच इतकी चिडलेली,
ताई