पाटीवरचा आकडा

११ ऑगस्ट १९७४

सकाळी ८ — १.४२ मीटर. पाऊस नाही.

दादा आज पुन्हा पाण्यात उतरला. चार मोजेपर्यंत उभा होता! एक, दोन, तीन, चार — आणि गेला खाली.

कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो. दादा म्हणजे खंडू, माझा थोरला भाऊ. न्हावऱ्याच्या कांद्याच्या ट्रकवर क्लीनर आहे. उन्हाळ्यात ट्रक गोव्याला गेला होता. तिथे त्याने एक गोरा पाहिला — फळकुटावर उभा राहून लाटेबरोबर किनाऱ्याला येणारा. पुन्हा आत जायचा, पुन्हा यायचा. दिवसभर. त्या किनाऱ्यावर दुसरे माणूस नव्हते म्हणे, एक कुत्रे आणि दादा.

आमच्याकडे समुद्र कुठला. पण घोडनदीला पाणी चढले की बंधाऱ्याखाली, वळणावर, एक लाट उभी राहते. ती पुढे सरकत नाही. पाणी खालून पळते आणि लाट जागच्या जागी. आम्ही लहानपणापासून ती बघतो. दादाला ती यंदा दिसली.

बंधाऱ्याचे एक सागाचे फळकूट मोडीत निघाले होते. ते त्याने तासून घेतले, वरून मधाच्या पोळ्याचे मेण चोळले, पाय घसरू नये म्हणून. भिंतीच्या कडीला कासरा बांधतो. तो धरून पालथा पडून लाटेवर जातो, मग गुडघ्यावर येतो, मग उभा राहतो. आणि कासरा सोडतो. सोडला की मी मोजायचे. हे काम त्याने मला दिले आहे.

मला पोहता येते. पण मी उतरत नाही.

१४ ऑगस्ट

सकाळी ८ — १.१०. संध्याकाळी ५ — १.०८. लाट नाही. भाकरी नीट गेली.

१७ ऑगस्ट

१.७१.

अक्षर वाईट येते आहे, येऊ दे.

मी नको म्हटले होते. पाणी तांबडे, फेस झाडाएवढा. दादा म्हणाला, जास्त पाणी म्हणजे मोठी लाट. कासरा सोडला, मी एकसुद्धा म्हटले नव्हते, तोच फळकूट वर उडाले आणि दादा दिसेना. मी मोजत राहिलो. का ते माहीत नाही! अडतीसपर्यंत मोजले. एकोणचाळीसला तो खाली जांभळीपाशी वर आला. डाव्या कानातून रक्त. हसत होता.

आईला सांगितले, ट्रकचे फाळके लागले. आईने माझ्याकडे बघितले, त्याच्याकडे नाही.

१८ ऑगस्ट

दादाला म्हटले, सोड हे. तो म्हणाला, सोडत नाही, पण शहाण्यासारखे करू.

माझे काम मोजखांब वाचण्याचे. पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर आहे. बंधाऱ्याच्या आतल्या अंगाला लोखंडी शिडी आहे, तिला कुलूप, किल्ली माझ्याकडे. सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच वाजता खाली उतरून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि चौकीबाहेरच्या पाटीवर खडूने लिहायचा. नववीत गणितात गेलो, पण आकडा कधी चुकवला नाही. दोन वर्षांत एकही नाही.

म्हणून मीच माझ्या वहीवरून त्याला काढून दिले — एक पस्तीस ते एक साठ, लाट चांगली. साठच्या वर जीव जाईल.

दादा म्हणाला, "मग तू पाटीवर लिवशील त्यावरच मी जाईन. साठच्या वर असंल तर पाय भिजवायचा न्हाई. ह्यो शबुद."

बरे वाटले.

२० ऑगस्ट

१.४८. अकरा मोजले! सरळ उभा, गुडघे वाकवून, हात पसरून. अकरा!

बघायला माणसे जमू लागली आहेत. नावाडी तात्याबा आप्पा बिडी ओढत म्हणाले, "गोरासाहेब, आमच्या पोटावर पाय आणता का? उद्या सगळी फळकुटावरून पलीकडं जातील." सगळे हसले. दादाही हसला.

परत येताना मी त्याच्या डावीकडून चालत होतो. दोनदा हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकला.

त्या कानाने त्याला ऐकू येत नाही. विचारले तर म्हणतो, पाणी गेलंय, निघंल.

२३ ऑगस्ट

१.५०. सोळा मोजले. निम्मे गाव काठावर होते.

मला अकरा नाही दिसत, सोळा नाही दिसत. अडतीस दिसते.

२४ ऑगस्ट

आज मी जे केले ते लिहितो. इथे खरे लिहिलेच पाहिजे.

मोजखांबावर १.५२ होते. वहीत १.५२ लिहिले. पाटीवर १.८२ लिहिले.

१.६५ लिहिले असते तर दादा म्हणाला असता, दोन बोटांनी काय होतंय. म्हणून ८२. संध्याकाळीही तसेच वाढवून लिहिले.

तो आंघोळीआधीच आला, पाटी वाचली, फळकूट चौकीच्या भिंतीला टेकवले आणि घरी गेला.

पण आप्पांचे माझ्या लक्षात आले नव्हते. खात्याचा हुकूम आहे — पाटीवर १.७५ च्या वर आकडा असला तर नाव सोडायची नाही. मागल्या साली त्यांनी अंदाजाने सोडली आणि परवाना दोन महिने अडकला. ते पाटीकडे बघत बसले, मग नदीकडे, मग माझ्याकडे. मग नाव बांधली.

पलीकडे खुरपायला गेलेल्या बायका पुलावरून फिरून आल्या. पाच कोस. दिवेलागणीला पोचल्या.

२५ ऑगस्ट

मोजखांब १.४९. पाटी १.८०.

२६ ऑगस्ट

मोजखांब १.५५. पाटी १.८४.

भागुबाई मावशीची म्हैस पलीकडे दाव्याला आहे, धार काढायची राहिली आहे. त्या चौकीसमोर उभ्या राहून बोलत होत्या, माझ्याशी नाही, पाटीशी. म्हणाल्या, म्हशीला वाचता येत असते तर तीही थांबली असती.

पोरांनी दादाला छेडले, गोरासाहेब रजेवर का? दादाने बोटाने पाटी दाखवली. "सरकारनं बंद केलंय."

मजेत दिसतो. दुपारी ओट्यावर आडवा झाला होता, घोरत होता.

२७ ऑगस्ट

मोजखांब १.५१. पाटी १.८१.

निरोप आला, उद्या ओव्हरसिअर साहेब येणार. ते वही आणि पाटी पडताळून पाहतात.

पाटी खरी केली तर दादा पाण्यात. वही खोटी केली तर — वहीसुद्धा खोटी.

दुपारी दार लावून वहीचे पान नवे लिहिले. २४ पासून. १.८२, १.८०, १.८४, १.८१. जुने पान चुलीत घातले. नवे पान सुंदर दिसते. एकही खाडाखोड नाही.

२८ ऑगस्ट

साहेब आले. म्हणाले, असे अक्षर आमच्या ऑफिसातसुद्धा नाही. कायम करण्यासाठी नाव पाठवतो म्हणाले.

मोजखांब १.५३. पाटी १.८३.

२९ ऑगस्ट

क्रमाने लिहितो.

सकाळी ८ — मोजखांब १.५२. वहीत आणि पाटीवर १.८२ लिहिले.

दहाच्या सुमाराला पलीकडच्या खडकावर काठीला लाल लुगडे दिसले. इथल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. पांढरे धोतर म्हणजे नाव पाठवा. लाल लुगडे म्हणजे बाई अडली आहे.

काठी धरून पलीकडच्या वस्तीवरचा संपत उभा होता. त्याची बायको धुरपदा, पहिलटकरीण. आरोळी पाण्यावरून येत होती, शब्द कळत नव्हते.

आप्पा पाटीपुढे येऊन उभे राहिले. मागे माणसे. दादाही आला. आप्पा माझ्याशी हळू बोलले.

"पोरा, चाळीस वर्सं मी हे पाणी बघतोय. माझं डोळं एक म्हणत्यात आन् तुझी पाटी एक म्हणती. परवाना पाटीवर हाय. आता तूच सांग, नाव सोडू का नगं?"

मी म्हणालो, परत वाचून येतो. शिडीवरून खाली उतरलो. खांबाकडे बघितलेसुद्धा नाही. खालच्या पायरीवर उभा राहिलो. वर आलो, हाताच्या पंजाने पाटी पुसली आणि लिहिले — १.५२.

कोणीतरी म्हणाले, दोन तासांत फूटभर उतरले? आप्पा म्हणाले, उतरलं असंल, आणि नाव सोडली. धुरपदाला बाजेवर घालून आणले, ट्रकमध्ये घालून शिरूरला नेले.

ट्रक गेला तरी माणसे हलली नाहीत. आप्पांनी बिडी पेटवली, दादाकडे बघून म्हणाले, "मग गोरासाहेब? आता तर सरकारनं उघडलंय."

दादा पाटीकडे बघत होता. मी मान हलवली, नको अशी. त्याने बघितले. तरी फळकूट उचलले. बाकीचे हसत होते, टाळ्या वाजवत होते.

कासरा धरला, गुडघ्यावर आला, उभा राहिला. बराच वेळ सोडला नाही. मग सोडला.

मी मोजत होतो. बावीस, तेवीस. इतका वेळ कधीच नाही! तेवढ्यात बंधाऱ्यावरून बाभळीचे खोड खाली आले. त्याच्या डाव्या बाजूने. मी ओरडलो, सगळे ओरडले. तो समोर बघत होता.

आप्पांनी उडी घेतली. मीसुद्धा घेतली. पाण्यात काय झाले ते आठवत नाही. दादाला मी केसांनी धरले होते असे म्हणतात.

जिवंत आहे. डावा पाय मांडीत मोडला आहे. हाड दिसत होते.

३० ऑगस्ट

दौंडच्या दवाखान्यात. हाडाचे डॉक्टर म्हणाले, आज ठेवतो, उद्या बघू. बघू म्हणजे पाय राहील की नाही ते. आईने विचारले, फाळके लागले का रे? मी नाही म्हणालो. सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि दादाच्या तळपायाला हात लावून बसली, गरम आहे का ते बघत.

३१ ऑगस्ट

पाय गरम आहे.

संपत शिरूरहून सांगायला आला, मुलगी झाली, धुरपदा बरी आहे. पेढे आणले होते. मला दोन दिले. तुझ्यामुळं, म्हणाला. मी पेढे आईकडे दिले.

१ सप्टेंबर

पौर्णिमा. आई विहारात गेली नाही, खाटेपाशीच बसून हळू आवाजात वंदना म्हटली. डॉक्टर म्हणाले, पाय राहील. आखूड होईल. फळकुटाचे कोणी विचारले नाही.

३ सप्टेंबर

एका दिवसासाठी गावी आलो. वही उघडली. २४ ते २८ चे सकाळचे पाचही खोटे आकडे आणि २९ चा सकाळचा, तांबड्या शाईने रेघ मारून बाजूला खरे लिहिले. संध्याकाळचेही खोटे होते, पण त्यांचे खरे चुलीत गेले, तिथे नुसती रेघ. प्रत्येकाखाली सही. खाली लिहिले — आकडे मी जाणूनबुजून चुकीचे लिहिले होते, चांगदेव. साहेबांना कार्ड टाकले.

लाट उभी होती. १.४७.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी पाटी पुसली म्हणून धुरपदा वाचली. मी पाटी पुसली म्हणून दादा पाण्यात गेला. आणि मी पाटीवर खोटे लिहिले ते दादाची हौस मोडायला. त्याची एवढी एकच हौस! हे त्याला सांगायचे आहे. तोंड होत नाही.

६ सप्टेंबर

दौंड. आई चहा आणायला गेली तेव्हा सांगितले. दादा छताकडे बघत होता.

म्हणाला, "लाट मला रोज दिसत व्हती, चांग्या. पाटीनं लाट झाकती व्हय?"

त्याने चादर छातीपर्यंत ओढली. मग म्हणाला, "कान फुटला त्या दिवसापास्नं मला पाण्याचं भ्या बसलंय. सांगू कुणाला? समदा गाव काठावर बसायचा. तू एक ब्याऐंशी लिवलंस, तवा मनात म्हणलं, सुटलो."