आरेच्या उतारावर ब्रेक

अण्णा,

आज गाडीचे ब्रेक बदलून आणले. आता पुढच्या चाकांना ड्रम नसतात, लोखंडी चकत्या असतात आणि त्यांना दोन्हीकडून दाबणारे पॅड. सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, वर एसीत बसा, चहा पाठवतो." मी नाही बसले. काचेच्या अलीकडे उभी राहून बघत होते. त्याने हातमोजे घालून चाक उतरवलं, झिजलेली चकती काढली, नवी चढवली, पॅड बसवले. कुठे ठोकाठोक नाही, शिवी नाही, कपाळावर घाम नाही. तेवढ्यात मला तुमचं कपाळ आठवलं. घरी आले, आपल्या धाकटीला जेवायला वाढलं, तिला पलंगावर नीट टेकवून बसवलं आणि हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलताना मी मनातसुद्धा 'अहो अण्णा' म्हणत नाही, नुसतं 'अण्णा' म्हणते, घरात कोणी दमलेलं माणूस दुसऱ्या दमलेल्या माणसाला हाक मारतं तसं.

गाडी धाकटीसाठी होती, हे बिल्डिंगमध्ये कोणाला पटायचं नाही. कांदिवलीच्या आपल्या चाळवजा बिल्डिंगमध्ये तेव्हा स्कूटरवाल्यालाही साहेब म्हणायचे. आजोबा गिरणीत होते, तुम्ही मरोळच्या एका कंपनीत डिस्पॅचला. आपल्या घरात सायकलच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पण धाकटीच्या पायात पोलिओचं कॅलिपर. ती बसच्या पायरीवरून पडली, हनुवटी फुटली, आणि त्यानंतर तिने कॉलेजला जाणंच सोडलं. वर्षभर गॅलरीत बसून असायची. खालून कॉलेजच्या मुली गेल्या की ही आत यायची. मग तुम्ही कंपनीच्या ड्रायव्हरकडून गुपचूप गाडी शिकलात आणि एका संध्याकाळी ऑफिसमधल्या कोणाची तरी जुनी, करड्या रंगाची गाडी विकत घेऊन कंपाउंडमध्ये शिरलात. आई गॅलरीतून ओरडली, "कोणाची हो ही?" तुम्ही खालूनच म्हणालात, "धाकटीची." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दोघं रोज सकाळी हायवेने गोरेगावपर्यंत, तिथून आरे कॉलनीतून मरोळला. तिला कॉलेजच्या दारात सोडून तुम्ही ऑफिसला. संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. येताना ती खिडकीतून हात बाहेर काढून गवताची पाती ओढायची आणि घरी आणून माझ्या केसांत खोचायची.

ऑक्टोबरमधला तो दिवस मी बघितलेला नाही, तिच्याकडून ऐकलाय. आरेतल्या उतारावर पुढे म्हशी रस्ता ओलांडत होत्या. तुम्ही ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. हँडब्रेक ओढला, त्याने गाडी नुसती कुरकुरली. तुम्ही गियर खाली टाकला, स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी सरळ कडेच्या मातीच्या बांधावर चढवली. "ताई, गवतात जाऊन थांबलो बघ," ती मला सांगत होती, "आणि एका म्हशीने खिडकीतून असं तोंड घातलं, की बाई, तुम्ही कुठे चाललात?" ती हसत होती. तुम्ही मात्र भिंतीला टेकून बसला होतात, हातातला पाण्याचा पेला तसाच भरलेला. आईने तो पेला काढून घेतला आणि इतकी वर्षं मुंबईत घासूनपुसून घेतलेली तिची भाषा एका क्षणात सावंतवाडीला परत गेली. "पोरीक घेवन मरूक निघाल्यात? इकून टाका ती गाडी! माका व्हयी नाय. उद्यापासून माझी पोर तेच्यात बसूची नाय." धाकटीचं हसणं तिथेच थांबलं. ती कॅलिपरचे पट्टे सोडायला लागली. तिला ठाऊक होतं, गाडी गेली की आपलं कॉलेज गेलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोला दोर बांधून गाडी घरी आली. स्टेशनजवळच्या ज्या गॅरेजवाल्याने थोड्याच दिवसांपूर्वी ब्रेकचं काम केलं होतं, त्याच्याकडे तुम्ही मला घेऊन गेलात. तो कोणाच्या तरी इंजिनात वाकलेला होता. मान वर न करता म्हणाला, "होता है साहब, पुरानी गाडी है. छोड के जाव." मला वाटलं, आता भांडणार. भांडला नाहीत. परत येताना एवढंच म्हणालात, "गाडी पुन्हा त्याच्या हातात नाही द्यायची. कोणाच्याच नाही." मी विचारलं, "मग?" तुम्ही म्हणालात, "मग मी." अण्णा, तुम्हाला घरातला फ्यूज घालता येत नव्हता. नळ गळायला लागला की आपण फडकं बांधायचो. पण तो आठवडाभर तुम्ही ऑफिसातून सुटल्यावर टॅक्सी स्टँडवर जाऊन उभे राहत होतात. टॅक्सीवाले आपले ब्रेक आपणच बदलायचे, ते बघायला. एकाने तुम्हाला हाकललं, दुसऱ्याने विडी देऊन जवळ बसवून घेतलं. विडी तुम्ही ओढत नव्हतात, तरी ओढलीत. आईला शर्टाचा वास आला, पण ती बोलतच नव्हती तुमच्याशी.

पहिल्या रविवारी तुम्ही जुनी लुंगी आणि गंजी घालून खाली उतरलात. मी पाठोपाठ, कारण आई म्हणाली, "जा गं, ते एकटे आहेत." मागच्या चाकांखाली विटा लावल्या, जॅकवर गाडी उचलली, चाक निघालं. आतला ब्रेकचा ड्रम काही निघेना. तुम्ही लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोकत राहिलात, बिल्डिंगमधली सगळी डोकी गॅलऱ्यांत आली. शेवटी ड्रम सुटला तो काळ्या भुकटीसकट. आत सगळं तेलकट. चाकाजवळच्या बारक्या सिलिंडरमधलं रबर फाटलं होतं, ब्रेक ऑइल तिथूनच गळत होतं आणि ड्रमला आतून दाबणाऱ्या लोखंडी कमानींवरचे, शूंवरचे, नवे लायनर त्यात भिजून गेले होते. म्हणजे गॅरेजवाल्याने शू बदलले, पण गळकं रबर तसंच ठेवलं. तुम्ही मला तो शू दाखवलात, बोटाने तेल पुसून दाखवलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर रागाऐवजी सुटका दिसली. कारण दिसलं होतं ना. मग तुम्ही स्प्रिंग काढायला गेलात आणि ती उडाली, भुवईच्या वर. रक्त डोळ्यात उतरलं. मी धावत वर गेले तर आई दारातच उभी होती, हळदीची वाटी आणि धुतलेलं फडकं हातात घेऊन. माझ्या हातात दिलं, वळली आणि आत गेली.

तो दिवस तसा फुकट गेला. जोडलेले शू उलटे बसले, पुन्हा काढले. जुन्या ड्रमवर आतून चरे पडले होते, नख अडकेल इतके खोल. पुढच्या आठवड्यात तुम्ही नवे ड्रम, रबरं, लायनर लावलेले शू असं सगळं गोणपाटात बांधून बसने आणलंत. आणि त्याही सबंध आठवड्यात धाकटी कॉलेजला गेली नाही. रोज रात्री जेवताना विचारायची, "अण्णा, झालं का?" तुम्ही म्हणायचात, "होतंय." आई भाताचं भांडं जरा जोरात ठेवायची.

दुसऱ्या रविवारी चारही चाकं झाली. आता नळ्यांमधली हवा काढायची होती. मी आत, पेडलवर पाय ठेवून. तुम्ही चाकापाशी, जमिनीवर आडवे. धाकटीच्या ऑपरेशनच्या वेळची सलाइनची नळी आईने का कोण जाणे जपून ठेवली होती, ती तुम्ही लावलीत आणि तिचं दुसरं टोक औषधाच्या बाटलीत. "दाब. धर. सोड." बाटलीत बुडबुडे. "दाब. धर. सोड." उन्हाने सीट तापलेली, माझी पोटरी दुखायला लागली. माझ्या ऑफिसची एकच सुट्टी, ती अशी. समोरून शेजारच्या काकू भाजी घेऊन येताना काहीतरी म्हणाल्या, मी मान वळवली आणि पाय उचलला गेला. गाडीखालून तुमचा आवाज आला. तसा आवाज मी तुमच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. "पाय कित्याक उचललंस? हवा परत आत गेली ना! भयणीचो जीव आसा ह्यात, खेळ नाय!" काकू तशाच निघून गेल्या. मी रडले नाही. पाय परत ठेवला आणि तुम्ही सांगाल तोपर्यंत हलवला नाही. पण अण्णा, या घरात माझा पाय कशासाठी आहे, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. तुम्हाला ते आधीच माहीत होतं, असं आता वाटतं.

उन्हं कलली तेव्हा पेडल घट्ट झालं. तुम्ही हात रॉकेलने धुतलेत, शर्ट चढवलात आणि म्हणालात, "मी एकटाच आरेपर्यंत जाऊन येतो." तेवढ्यात आई जिन्यातून खाली आली. केस बांधलेले, पायात चपला. आपल्या दोघांकडे न बघता पुढचं दार उघडून बसली. "तू कित्याक?" तुम्ही विचारलंत. पंधरवड्यात पहिल्यांदा ती तुमच्याशी बोलली. "उद्या माझी पोर बसतली ना हयसर? मगे आज मी बसतंय. चला." मी मागे बसले. गॅलरीत धाकटी कठड्याला धरून उभी होती, तिने हात हलवला नाही.

तोच उतार. बांधावर चाकांच्या खुणा अजून होत्या, गवत दबलेलं. तुम्ही गाडीला वेग दिलात, आईने समोर दोन्ही हात टेकले. "धरून बस," तुम्ही म्हणालात आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. गोठ्याकडे दुधाच्या किटल्या घेऊन चाललेला भय्या वळून बघत राहिला. तुमच्या कपाळावरची पट्टी घामाने सुटली होती. मग आई म्हणाली, "परत एकदा." तुम्ही गाडी वर नेलीत, पुन्हा आणलीत, पुन्हा ब्रेक दाबलात. "परत." कितीदा ते मी मोजलं नाही. अंधारायला लागेपर्यंत आई "परत" म्हणत होती आणि तुम्ही काही न विचारता परत करत होतात. शेवटी ती म्हणाली, "आता घराक चला. पोर वाट बघता." आणि पदर तोंडाला लावून घर येईपर्यंत रडली. तुम्ही एका हाताने गाडी चालवत होतात. दुसरा हात तिच्या गुडघ्यावर होता. तुम्हाला वाटलं असेल, मला मागून दिसत नाही.

सोमवारी धाकटी कॉलेजला गेली. बी.कॉम. झाली, नोकरीला लागली, माझ्याहून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाली. हे सगळं तुम्ही थोडं पाहिलंत, थोडं नाही. पण त्याच आठवड्यात तुम्ही मला आरेत नेऊन स्टिअरिंगवर बसवलंत. "शीक आता. मला काय झालं तर हिला कोण नेणार?" मी बावीस वर्षांची होते. मला वाटलं, तुम्ही मला गाडी शिकवताय, केवढी गंमत, बिल्डिंगमध्ये गाडी चालवणारी मी पहिली मुलगी. ते दान होतं, अण्णा, खरंच होतं. पण त्याला दुसरी बाजू होती आणि ती तुम्ही गेल्यावर उलटून दिसली. तेव्हापासून तिला मीच नेते. ऑफिस, दवाखाना, लग्नकार्यं, आता आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. तिच्या चांगल्या पायातही आता जोर राहिला नाही. तिला गाडीत बसवताना माझी कंबर धरते. हायवेवर गाड्या मुंगीसारख्या सरकतात, मेट्रोचे खांब अंगावर येतात, आणि ती शेजारून म्हणते, "ताई, उजवीकडून घे ना." चाळीस वर्षं ती उजवीकडून घ्यायला सांगतेय.

मी तक्रार करत नाही. आई गेली त्या वर्षी मी तिला म्हणाले होते, धाकटीपायी माझं काही करायचं राहून गेलं नाही. ते खोटं नव्हतं. नुसती दमलेय. तुम्ही कधी दमलात का, हे मी तुम्हाला विचारलं नाही, आणि तुम्ही सांगणारे नव्हतात.

धाकटी आतून विचारतेय, इतका वेळ काय लिहितेस. मी "काही नाही" म्हटलं. हा कागद मी कपाटातल्या साड्यांखाली ठेवून देईन. एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते, तिला अजून सांगितलेली नाही. आज येताना या नव्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या ओळखीतल्या एका ड्रायव्हरला सोमवारपासून यायला सांगून आलेय. तो हो म्हणाला, आणि मला इतकं हलकं वाटलं की लिफ्टमध्ये मी एकटीच हसले.