फियाटचे तेल आणि इतर किरकोळ मालमत्ता

मी, हिरामण जोमा तरे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी भातशेती व आता गोदामांचे भाडे, राहणार मौजे वळ, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दाबाखाली न येता लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दृष्टी तेवढी नाही, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. येत्या सोमवारी उजव्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांच्या मते ते चहा निवायच्या आत उरकते आणि त्याने कोणी मरत नाही. तरी पण भरवसा नको. मी गेलो तर घर, जमीन, गोदामे आपापल्या जागी उभी राहतील. गाडीचे तसे नाही. माझ्यामागे तिचे तेल कोण बदलणार, हाच या मृत्युपत्राचा विषय आहे. बाकीची मालमत्ता वकीलसाहेबांच्या आग्रहाखातर घेतली आहे.

कलम १. राहते घर माझी पत्नी आक्का हिला तिच्या हयातीपर्यंत, आणि तिच्यामागे आमचे मुलगे देवेश व भावेश यांना समान. रस्त्याकडचे गोदाम मुलगी भाविका हिला. यावर भावांनी तोंडे वाकडी करू नयेत. माझ्या गुडघ्यांना तेल चोळायला या घरात ती एकटीच होती.

कलम २. उरलेली दोन गोदामे मुलग्यांना एकेक. कोणते कोणाला, यावर वाद झाल्यास चिठ्ठी टाकावी. चिठ्ठी चांगदेवला उचलू देऊ नये. चांगदेव म्हणजे माझा मेहुणा, आक्काचा धाकटा भाऊ. त्याच्याविषयी सविस्तर पुढे येईल.

कलम ३. सदरहू गाडी. पांढरी फियाट. आमच्या खाजणातल्या जमिनीवर पहिले गोदाम उभे राहिले त्या साली घेतलेली. मागच्या काचेवर ‘एकवीरा आईची कृपा’ असे लिहिले आहे. आक्का तिला सवत म्हणते, पण कार्ल्याला जायचे झाले की सवतीच्या पुढच्या सीटवर सगळ्यांच्या आधी जाऊन बसते. गाडी आजही पहिल्या चावीला उठते. आईची कृपा आहेच, पण तेलही वेळेवर आहे. दर सहा महिन्यांनी, एकदा चैत्रात कार्ल्याच्या यात्रेआधी आणि एकदा दसऱ्याला, तेल बदललेच पाहिजे. घरात शुभकार्य असेल तर त्याआधी वेगळे. लोक म्हणतात, गाडी फारशी फिरतच नाही, मग तेल कशाला बदलायचे? मी विचारतो, तुम्ही घरात बसून असलात म्हणून आंघोळ सोडता काय?

बदलण्याची रीत इथे नमूद करतो. इंजिन थोडे गरम करून घ्यावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर उतरतो. खालचा बोल्ट सोडून काळे तेल घमेल्यात काढावे व गोदामांच्या शटरांना लावावे. ते नाल्यात ओतणारा माझा वारस नाही. फिल्टर नवा घालावा. नवे तेल प्लास्टिकच्या डब्यातून थेट ओतू नये. आधी पितळेच्या कळशीत घ्यावे, कळशीला हळदकुंकू लावावे, मग नरसाळ्याने सोडावे. समईत कोणी प्लास्टिकच्या डब्यातून तेल घालत नाही. शेवटी पट्टी काढून बघावे. तेल दोन खुणांच्या मध्ये दिसले पाहिजे.

कलम ४. गाडी कोणाला मिळणार नाही. देवेश हा थोरला. तो मला म्हणाला, “बाबा, भंगारवाल्याला देऊन टाका ना, अंगन तरी मोकला होईल.” एवढ्यावर न थांबता त्याने भंगारवाल्याला घरी बोलावले. त्या गृहस्थाने माझ्यादेखत टायरला लाथ मारून बघितली. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, आणि आमच्या गावात असे होत नाही. देवेशला ही गाडी मिळणार नाही.

धाकटा भावेश. त्याची स्वतःची मोठी गाडी आहे, ती कंपनीचे लोक घेऊन जातात आणि धुऊन आणून देतात. गेल्या चैत्रात मी त्याला फियाटचे तेल बघायला सांगितले. त्याने काच धुण्याच्या पाण्याचे झाकण उघडले आणि ओरडला, “बाबा, तेल एकदम साफ हाय, पान्यासारखा!” मात्र दसऱ्याला मला नीट दिसेना, तेव्हा तेल त्यानेच बदलले, असे तो सांगतो. हे त्याच्या नावावर जमा धरावे. गाडी तरीही मिळणार नाही.

चांगदेवचा या गाडीवर फार दिवस डोळा आहे. लग्नातल्या फोटोंसाठी ती भाड्याने द्यावी असे त्याच्या मनात आहे. त्याला गाडी का मिळणार नाही, हे ज्याला ठाऊक नसेल त्याने पुढचे कलम वाचावे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही वाचावे.

कलम ५. देवेशच्या हळदीच्या दिवशी सकाळी मी जुने तेल काढले, फिल्टर बसवला आणि नवे तेल कळशीत घेऊन, हळदकुंकू लावून ओट्यावर ठेवले. शेजारी तशीच दुसरी कळशी होती. तिच्यात हळदीत कालवायचे तिळाचे तेल. एवढ्यात वाजंत्रीवाले रस्ता चुकल्याचा फोन आला म्हणून मी त्यांना आणायला निघालो. जाताना चांगदेवला बजावले, उजवीकडची कळशी गाडीची, तिला हात लावू नको. त्या वेळी चांगदेव ओट्याकडे तोंड करून उभा होता की पाठ करून, यावर आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत. हात लावू नको म्हटले होते, यावर मात्र एकच पक्ष आहे. त्याने मदत म्हणून एक कळशी आक्काच्या हातात दिली आणि दुसरी इंजिनात रिकामी केली.

देवेशला पाटावर बसवले, सवाशिणींनी हळद लावली. लग्नाचे धवले गाणारी आमची राहीबाई गाता गाता थांबून म्हणाली, “नवरा कवरा चमकतंय गो!” सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. मग रीतीप्रमाणे नवऱ्याची उष्टी हळद वाटीत घालून मानकोलीला नवरीकडे पाठवली.

नवरी म्हणजे रुचिका. तिचे वडील कुमार भोईर यांचे ट्रकांचे गॅरेज आहे आणि पोरगी त्या अंगणात वाढलेली. हळद गालाला लागायच्या आत तिने करवलीचा हात धरला, हळद दोन बोटांत चोळून बघितली, वास घेतला आणि पाटावरून उठून मला फोन लावला. नवरी पाटावरून उठली हे मी ऐकले. वाटले, लग्न मोडले.

ती म्हणाली, “मामा, ही हलद न्हाय, ह्यो इंजिनाचा तेल हाय.”

मी म्हणालो, “असा कसा व्हईल?”

“त्या रहू द्या. मंग गारीन काय ओतलाय?”

मी वळून बघितले. समोर चांगदेव फियाटमध्ये बसून चावी फिरवण्याच्या बेतात होता. मी वाजंत्र्यांच्या मधून धावत गेलो आणि त्याच्या हातातून चावी हिसकावली. रुचिकाने फोनवर सांगितल्याप्रमाणे गाडीतले तिळाचे तेल काढले, आणि देवेशला लाकडाच्या भुशाने घासले. त्या दिवशी तिचा नवरा इंजिन ऑइलमध्ये न्हाऊन बसला होता आणि तिने आधी गाडीची चौकशी केली. अशी सून घरात येते आहे, या विचाराने माझे डोळे भरून आले. तेव्हा मला मोतीबिंदू नव्हता. ते खरेखुरे पाणी होते.

कलम ६. म्हणून सदरहू फियाट, तिची चावी, पाने, जॅक, नरसाळे आणि दोन्ही पितळी कळश्या यांसह, माझी सून सौ. रुचिका देवेश तरे हिला मी देत आहे. पुढची सीट आक्काची राहील. देवेशने मागे बसावे. गाडीला ऐकू जाईल अशा अंतरावर कोणीही भंगार हा शब्द काढू नये.

कलम ७. दहाव्याला माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर कोणी माझ्या राहिलेल्या इच्छा शोधत बसू नये. आधी बॉनेट उघडून तेल बघावे.

कलम ८. वकीलसाहेबांचे म्हणणे असे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, पुढे वाद होतात. सबब पहिला साक्षीदार म्हणून मी चांगदेव यास निवडले आहे. मान मिळाला म्हणून तो नवा शर्ट घालून आला आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि समजून उमजून खाली सही व अंगठा करीत आहे.

लिहून देणार: हिरामण जोमा तरे (सही व डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार १: चांगदेव बाळाराम पाटील, राहणार वळ (सही)
साक्षीदार २: हितेश रमण चौधरी, स्पेअर पार्टचे दुकान, शेलार (सही)

स्थळ: वळ, तालुका भिवंडी
तारीख: १० जानेवारी २०२६

पुरवणी. वरील अंगठा शाईचा नाही. वकीलसाहेबांचे पॅड सुकलेले निघाले. मी म्हटले, शाई नसली तरी तेल आहे, आणि फियाटची पट्टी काढून अंगठा तिला पुसून वर उठवला. मला तो रंग मधासारखा दिसला. तेवढ्यात रुचिका चहा घेऊन आली. या कागदात काय आहे ते तिला अजून कोणी सांगितलेले नाही. तिने फक्त अंगठा बघितला.

“मामा, ह्यो तेल काला परलाय. दसऱ्याला कोनी बदलला?”

सगळ्यांनी भावेशकडे बघितले. भावेशने पंख्याकडे बघितले. रुचिकाने चहाचा ट्रे त्याच्या हातात दिला, पदर खोचला आणि अंगणात गेली. इंजिन गरम करायला तिने चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात उठली, ते मी इथे बसून ऐकले. आता सोमवारी डॉक्टरांना काय करायचे ते खुशाल करू दे.

आणखी लिहायचे होते, पण चांगदेव दोन्ही कळश्या उचलून मदतीला निघाला आहे, तेव्हा मला उठायला हवे.