टायर घसरले, मी नाही

२७ जानेवारी, मंगळवार
सई आज शाळेला मेट्रोने गेली. उजवा हात प्लास्टरमध्ये, दप्तर डाव्या खांद्यावर. म्हटलं, मी सोडते ना. "नको आई, मेट्रो ठीक आहे." माझ्याकडे न बघता. सोळा वर्षांची पोर, बूट घालायला दहा मिनिटं लागली तिला. लेससुद्धा बांधू दिली नाही.

शनिवारचं इथे लिहून ठेवते. नोएडाहून तिच्या बॅडमिंटनवरून परतत होतो. बारापुल्ला फ्लायओव्हर उतरतानाचं वळण, थंडीतला बारीक पाऊस, रस्ता नुसता ओशट. मागची चाकं सुटली, गाडी अर्धी गिरकी घेऊन मागच्या बाजूने कठड्यावर आदळली. मध्ये दुसरं कुणी नव्हतं, देवाची कृपा. मला साधं खरचटलं नाही. सईच्या मनगटाला बारीक क्रॅक. रॅकेटचाच हात. पुढच्या महिन्यात सिलेक्शनच्या मॅचेस होत्या, त्या गेल्या.

उद्या कुणी काहीही बोललं तरी माझं मला माहीत असू दे: फोन हातात नव्हता. ब्रेक करकचून मारला नव्हता. टायर घसरले, मी नाही.

२९ जानेवारी
ऑफिसमध्ये सगळ्यांना कळलंय. सेक्शनमधले गुप्ताजी चहाचा कप घेऊन मुद्दाम माझ्या टेबलापाशी. "मैडम, बुरा मत मानिए, वो लड़कों वाली गाड़ी है. आप कोई ऑटोमैटिक ले लीजिए, आराम से चलाइए."

आराम से! मी सत्तेचाळीस. या वयात बाईने भिशी लावावी, गुडघे सांभाळावेत आणि मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसावं. माझी गाडी लाल, बुटकी, मागे पंख लावलेली. तीन वर्षांपूर्वी गाझियाबादच्या एका काकांकडून सेकंडहँड घेतली, ती मी पसंत केली म्हणून. दुसऱ्या गिअरमध्ये जी ओढते ना! प्रमोदची पांढरी गाडी प्रमोद चालवतो तशी, दुधाचं पातेलं घेऊन चालल्यासारखी. चांगला नवरा आहे. पण त्याच्या गाडीत मला झोप येते.

गुप्ताजींना म्हटलं, "आपकी गाड़ी में पिछले साल दो बार डेंट पड़ा था ना?" कप घेऊन गेले.

३१ जानेवारी, शनिवार
गाडी वर्कशॉपमधून आली. बंपर नवा, रंग जरा वेगळाच लाल. असो.

मी टायर बघायला खाली बसले. आमच्या सरकारी कॉलनीतल्या दोन बायका फिरता फिरता थांबून बघत होत्या. बघू देत. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते. आजवर कधी वाचले नव्हते. आज वाचले. आठ वर्षं जुने! चारही. खाचा मात्र खोल, कारण काकांची गाडी बेसमेंटमध्ये उभीच असायची. न वापरता म्हातारे झालेले टायर. नख दाबून बघितलं, रुतत नाही. शिळ्या पोळीसारखं आहे हे, दिसायला गोल गरगरीत, हात लावला की कडक.

आणि गाडी घेताना टायर कुणी तपासले होते? प्र.ने. खाचेत बोट घालून म्हणाला होता, "नवेकोरे आहेत."

प्र.ला खाली बोलावून आकडे दाखवले. चष्मा लावून वाचले, उठला, पँट झटकली. म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं."

म्हटलं, "अंगण तूच तपासलं होतंस."

आता घरात दोनच आरोपी. टायरचा दोष असेल तर प्र. अडकतो, नसेल तर मी.

२ फेब्रुवारी
सईला आकड्यांचं सांगितलं. खूप उत्साहात सांगितलं बहुतेक. डाव्या हाताने वरण-भात खात होती. "अच्छा," म्हणाली. थोड्या वेळाने, "मग तू केस जिंकलीस?"

हिची जीभ माझ्यावरच गेली आहे.

५ फेब्रुवारी
टायर बदलायचे हे ठरलं. कोणते, यावर घरात संसद भरली आहे.

प्र. : दोनच घे, पुढचे. गाडी पुढच्या चाकांवर ओढते.
मी : सुटली मागची होती.
प्र. : मग दोन मागचे.
मी : चार.
प्र. : निदान टिकाऊ तरी घे. पाच-सहा वर्षं बघायला नको.

टिकाऊ! न बघता टिकवल्यानेच तर हे सगळं झालं. वाचून वाचून मला एवढं कळलंय, की जो टायर खूप टिकतो त्याचं रबर कडक असतं, ओल्या रस्त्याला तेवढं चिकटत नाही. जो चिकटतो तो लवकर झिजतो. दोन्ही हवं असं मागणारे लोक जावई शोधत असतात, टायर नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
नोएडात टायरच्या दुकानात. प्र. सोबत आला, "तुला एकटीला गुंडाळतील" म्हणून. दुकानदाराने खुर्ची प्र.ला दिली, चहा प्र.ला विचारला आणि माझ्या गाडीबद्दल सगळं प्र.ला सांगितलं. "सर, ये वाला लीजिए. आँख बंद करके चलाइए, खत्म ही नहीं होगा."

विचारलं, गीली सड़क पे ब्रेक कैसा लगता है? तेव्हा त्याला मी दिसले. "मैडम, दिल्ली में बारिश होती ही कितनी है!"

म्हटलं, "एक बार हुई थी. बेटी का हाथ टूट गया."

त्याने लगेच दुसरी टूम काढली. रिम छोट्या करा, टायर जाड घ्या, खड्डे लागणार नाहीत, एवरेज सुधारेल. गाडीला बाथरूमच्या सपाता घालून फिरवू का मी? कंपनीने दिला तोच साइज, मऊ रबराचा, पावसाळी पकडीचा, चार नग. "घिस जाएगा मैडम, बाद में मत बोलना." नाही बोलणार. झिजला की नवा घेईन.

परत येताना प्र. म्हणाला, "तू हात टूट गया म्हणालीस. क्रॅक आहे."
"दुकानात बरं चालतं," म्हटलं. हसला. बऱ्याच दिवसांनी.

१० फेब्रुवारी
जेवताना प्र.ने सहज विचारल्यासारखं विचारलं, "नीलू, त्या दिवशी होतीस किती वेगात?"
"पन्नास."
"नक्की?"
"नक्की."
सई पाणी पीत होती. ग्लास ठेवला नि आत गेली. ताटात अर्धी पोळी तशीच.

१४ फेब्रुवारी, शनिवार
टायर आले, दुकानातून फोन. गेलो. मी आधी वाकून चारही टायरचे आकडे वाचले, मोबाइलच्या टॉर्चने. तीन ताजे. चौथा दोन वर्षांपूर्वीचा! त्या तिघांच्या मध्ये नेऊन बसवलेला.

"मैडम, रबर है, दूध थोड़े ही है जो फट जाएगा." मग प्र.कडे वळून, "सर, आप समझाइए ना."

मला वाटलं, आता प्र. म्हणणार, जाऊ दे नीलू. त्याचा स्वभाव तो. हॉटेलात थंड चहा आला तरी पिणारा माणूस. तर म्हणाला, "गाड़ी इनकी है. इन्हीं से बात कीजिए." आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मला एकदम भरून आलं. दुकानात रडायचं नाही म्हणून टायरच बघत बसले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे वाक्य आज ऐकलं. वाईट या गोष्टीचं वाटलं की

चौथा टायर परत केला. चारही ताजे आल्याशिवाय बसवणार नाही सांगितलं. पुढच्या शनिवारचा वायदा.

१९ फेब्रुवारी
सईच्या मॅचेस आज. ती बघायला गेली, मेट्रोने. मैत्रीण निवडली गेली. घरी येऊन तिच्यासाठी कार्ड करत बसली, डाव्या हाताने, अक्षर वाकडंतिकडं. मी दारातून बघून परत फिरले.

२१ फेब्रुवारी, शनिवार
चारही बसले. काय सांगू! गाडी तीच, पण रस्ता हाताला कळतोय. स्टिअरिंगमध्ये जीव आलाय. सुरुवातीला नवं रबर निसरडं असतं, जपून चालवा, दुकानदार म्हणाला, तशी जपून आणली. कॉलनीत शिरताना मुद्दाम गुप्ताजींच्या क्वार्टरसमोरून. एक चक्कर जास्त मारली. मारली तर मारली.

२४ फेब्रुवारी
सईचं प्लास्टर निघालं. हॉस्पिटलला कॅबने गेली, प्र.बरोबर; त्याची गाडी सर्व्हिसिंगला. मी माझ्या गाडीतून कॅबच्या मागे. पूर्ण रस्ताभर. वेडेपणा आहे, माहीत आहे. कॅबचे टायर गुळगुळीत होते, तिला चाललं.

संध्याकाळी सरळ विचारलं. "टायर नवे आहेत. आता का बसत नाहीस?"

"यार आई, टायर नवे आहेत. तू तर तीच आहेस ना?"

मग ती हळू आवाजात, बाबा बाहेरच्या खोलीत होता म्हणून, "तू सेव्हंटीवर होतीस. मी काटा बघत होते. मी बाबाला नाही सांगितलं."

पन्नास होते. पन्नासच असतील. काटा मी बघितला नव्हता, मी रस्ता बघत होते. चालवणाऱ्याने रस्ताच बघायचा असतो.

काटा ती बघत होती.

२५ फेब्रुवारी
पन्नास.

२८ फेब्रुवारी, शनिवार
एकटी निघाले. नोएडाच्या पुढे जिथे सेक्टरला नुसते नंबर पडलेत, घरं अजून नाहीत, तिथे. पाऊस कुठून आणायचा? पण धूळ बसवायला टँकर पाणी मारत फिरतात. एक गाठला आणि त्याच्या मागे मागे राहिले. ड्रायव्हर हात काढून सांगतोय, "मैडम, आगे निकल जाओ ना!" मी म्हणतेय, "नहीं भैया, आप चलिए." त्याला वाटलं असेल, बाई गाडी फुकटात धुऊन घेतेय.

टँकर लांब गेला की ओल्या पट्ट्यावर प्रयोग. चिटपाखरू नाही, कुत्रंसुद्धा नाही, तीनदा बघून घेतलं. चाळीसला ब्रेक, जागच्या जागी. पन्नासला वळण, मुंगी रस्त्याला चिकटावी तशी. इतका आनंद झाला की एकटीच मोठ्याने "बघ!" म्हणाले. कुणाला म्हणाले देव जाणे.

मग काटा बघत सत्तर. तसंच वळण.

मागची बाजू किंचित हलली. नव्या टायरवर. फार नाही, पण ते हलणं ओळखीचं होतं, अगदी त्या दिवशीचं. म्हणजे त्या दिवशीसुद्धा

गाडी बाजूला लावून बसले. थर्मासमधला चहा प्यायले. त्या जुन्या टायरवर पन्नासलाही घसरली असती, हे कुणी नाकारू शकणार नाही. मीही नाही.

१ मार्च, रविवार
सईला टँकरचं सांगितलं. हसली, टँकरवाल्याची नक्कल करायला लावली दोनदा. सत्तरचंही सांगितलं. "मागची हलली," म्हटलं. तिने विचारलं, "हं. मग?" मी टेबल पुसायला घेतलं. ती थांबली होती, हे मला दिसत होतं. फोन उचलला आणि गेली.

४ मार्च
डॉक्टरांनी येता शनिवार सोडून पुढच्या शनिवारपासून हलकी प्रॅक्टिस सुरू करायला परवानगी दिली. नोएडाला कसं जाणार? प्र. म्हणाला, मी सोडेन. मी म्हटलं, मी आहे. सई म्हणाली, बघू.

८ मार्च, रविवार
आज जेवायला बसलो आणि प्र.ने ताटाला हात लावायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. काल तो माझी गाडी घेऊन एकटाच बाहेर गेला होता, मला वाटलं भाजीला. तर त्याच वळणावर जाऊन आला होता. दोनदा. म्हणाला, "नीलू, नव्या टायरवर गाडी काय धरते! कळलं मला. चुकलं माझं. मी बोट घालून नवेकोरे म्हटलं होतं, ते आकडे बघायला हवे होते." मग सईकडे वळला. "सॉरी बेटा. तुझ्या मॅचेस माझ्यामुळे गेल्या. आईचा काही दोष नव्हता, मी उगीच तिला बोललो."

डोळे भरले होते त्याचे. दीड महिना मला नेमकं हेच वाक्य हवं होतं. शब्दन् शब्द.

सईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, नजर काढली नाही. मी आमटी वाढली. त्याला, तिला, मला. कुणी खाल्ली नाही फारशी.

प्र. दही आणायला खाली गेलाय. सई तिच्या खोलीत, दार उघडं आहे. टायर जुने होते यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही, कुणीही काहीही म्हणो. पण तो वर आला की काट्यावरचा आकडा सांगते. आत्ताच सांगते, नाहीतर

जिन्यात पावलं वाजताहेत.