मधली चादर

प्रिय शेंडेफळ,

भुंग्याला मी कोणालाही दिलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, दोघांचं जमत नसेल तर माझ्या कुत्र्याला चांगलं घर बघून देऊन टाक. तुझ्या दादाचंही तेच, एका घरात एकच राहील. मी फोन ठेवून दिला. मला फोनवर नीट बोलता येत नाही, तोंडातून भांडणच बाहेर पडतं. म्हणून कागद घेतला. शाळा चौथीत सुटली, अक्षराला हसू नकोस.

तू इथे ठेवून गेलेला भुंगा आणि वहिनीची कुत्री लवंगी, दोन्ही मिळून एका उशीएवढे. पण भांडायला लागले की वाटायचं घरात वाघ शिरलेत. दारात समोरासमोर आले की भांडण. इस्त्री संपवून मी खुर्चीत टेकले की माझ्या मांडीवरून भांडण. खाण्यावरून तर विचारूच नकोस. तुम्हा भावंडांना मी एका ताटात जेवायला घालून वाढवलं, म्हणून यांनाही एकाच ताटलीत वाढत होते. म्हटलं एकत्र खातील, माया लागेल. माया कसली, भुंग्याच्या कानाला भोक पडलं. सोडवायला मधे हात घातला तर माझा अंगठा फुटला. शेवटी टबातली ओली चादर उचलली आणि दोघांवर फेकली. एकदम शांत. चादरीखाली नुसते दोन उंचवटे, श्वास घेणारे. मी बघतच राहिले. शेजारची म्हणाली, असं कोणी कुत्र्यांना धुवायला टाकतं का.

जनावरांची डॉक्टरीण तुझ्याच वयाची, पण मला चांगलं झापलं तिने. म्हणाली, ताटल्या वेगळ्या, खोल्या वेगळ्या, बिछाने वेगळे, आणि मांडी काही दिवस कोणालाच नाही. मी म्हटलं, माझ्या मांडीवर मी कोणाला घ्यायचं ते तू सांगणार का? ती म्हणाली, हो. मला आवडली. आणखी एक सांगितलं तिने. कुत्रं गुरगुरलं तर रागवू नका, ते बिचारं बजावत असतं. तेवढंही बंद केलंत तर ते न सांगता चावेल. मग लवंगीला टेबलावर घेऊन तिचा कान उलटून बघितला, तर आत सगळं लाल, सुजलेलं. कोण जाणे कधीपासून दुखत होता. आम्ही तिला माजलेली म्हणत होतो.

औषध सुरू झालं, कान बरा झाला. पण दोघांची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यायची होती, आणि डॉक्टरीण म्हणाली मधे पडदा ठेवून करा. आपल्याकडे पडद्यांना काय तोटा? दुपारी गच्चीवर लॉजमधून धुवायला आलेल्या चादरी वाळत टाकल्या की दोऱ्यांच्या मधे पांढऱ्या गल्ल्या तयार होतात, तुला आठवतं ना? लहानपणी तू त्यात हरवायचीस आणि हाक मारली तरी ओ द्यायची नाहीस. त्याच गल्ल्यांतून आम्ही चालायला लागलो. चादरीच्या एका बाजूला मी आणि भुंगा, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि लवंगी. कोणी कोणाला दिसत नाही. खाली फक्त पावलं दिसतात, चार काळी, चार पांढरी, आणि वहिनीच्या चपला. वाऱ्याने चादर फुगली की दोघं थांबायचे, नाकं वर करायचे. साबणाच्या वासात एकमेकांचा वास शोधायचे. मला कामाची घाई असते, माझा स्वभाव तुला माहीत आहे, पण तिथे घाई चालत नाही. ऊन चादरीतून गाळून येतं, दुधासारखं. चालता चालता आपण जमिनीवर आहोत का कुठे तरंगतोय तेच कळत नाही. रोज वहिनी चादरीची कड चिमट्याने थोडी वर घ्यायची. आधी पावलं दिसली, मग पोटं, मग एक दिवस नाकं. गुरगुरले. आम्ही रागावलो नाही, तशाच चालत राहिलो. तेही चालत राहिले.

अशाच एका दुपारी वहिनी पलीकडून बोलली. तोंडात चिमटा धरून बोलत होती, म्हणून आधी मला वाटलं कुत्रीशीच बोलते आहे. म्हणाली, "आई, माझा कान कोणी उलटून बघितला नाही हो."

मी थांबले. चादर मधे होती म्हणूनच ती बोलली असणार, आणि चादर मधे होती म्हणूनच मी ऐकून घेतलं. तू चिडून घर सोडलंस ते वर्ष आणि तिच्या पोटातलं बाळ गेलं ते वर्ष एकच गं, मला ते तेव्हा तिच्याकडून कळलं. दादाने आणि तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. तू तिला खडूस म्हणायचीस, मी तुम्हा दोघींना गप्प बसा म्हणायचे, आणि ती भांडी आपटायची. तुला हे कळवू का, असं मी तिला विचारलं. कळवा म्हणाली.

आता भुंगा आणि लवंगी जिवाभावाचे झालेत असं समजू नकोस. तो इस्त्रीच्या टेबलाखाली झोपतो, ती खिडकीत. ताटल्या अजून दोन खोल्यांत. कधी ती दात दाखवते, मग तो वाट बदलतो. पण दुपारी एकाच उन्हाच्या तुकड्यावर दोघं पडलेले असतात, मधे हातभर जागा सोडून. ती जागा दोघंही मोडत नाहीत.

काल दादा म्हणाला, तुझं काम सुटलं आणि तू त्याला जवळपास भाड्याची खोली बघायला सांगितलीस. घरी नको म्हणालीस, पुन्हा तेच होईल. तर ऐक. गच्चीवरची खोली मी रिकामी केली आहे. शेगडी वेगळी, किल्ली वेगळी, जिना बाहेरून. गुरगुरायचं असेल तर दोघींनी खुशाल गुरगुरा, मी मधे हात घालणार नाही. तुझी जुनी निळी चादर वहिनीने काढून धुतली आणि इस्त्री केली, मी सांगितलं नव्हतं. ती चादरच दाराला पडदा म्हणून लावली आहे. रोज किती वर करायची ते तुझं तू ठरव.

तुझीच, अंगठा बरा झालेली,
आई