मग सहा लिही

१४ जून

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. माझी ड्यूटी बदलली, त्याचं पुढे लिहिते. आपलं पिल्लू आता रांगत असेल, बसवल्या जागी थांबत नसेल. फोटो कोणी पाठवत नाही, म्हणून अंदाजाने लिहायचं. फोन केला तर जावईबापू "ती झोपलीय" म्हणून ठेवून देतात. इतके महिने कोण झोपतं? असो.

आई म्हणते, "बाळंतपणानंतर बायका हळव्या होतात. येईल आपोआप." मी मान डोलावते. आईला मी काहीच सांगितलेलं नाही.

तुला आमच्या वॉर्डातल्या संशोधनाचं पत्र आलं, त्यात छापलं होतं की तुझ्या गटाला उपचार मिळालाच नाही, दिवा बंद होता. तू मला विचारलंस, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "नियम होता." त्यानंतर तू बोलली नाहीस.

नियम होताच. टाके लवकर भरतात का, दुखणं कमी होतं का ते बघायला सिझेरियन झालेल्या निम्म्या बायकांच्या टाक्यांवर लाल दिवा लावायचा, निम्म्यांच्या नुसता धरायचा. डोळ्यांवर काळा चष्मा, यंत्राचा पंखा चालू, वीस मिनिटं. आपल्याला काय मिळालं ते बाईला कळता कामा नये. प्रत्येकीच्या नावाचं पाकीट फोडायचं, आत 'चालू' की 'बंद' ते बघायचं आणि तसं बटण दाबायचं काम माझं. तुझ्या पाकिटात 'बंद' निघालं.

पण त्या नियमाआड मी काय काय लपवलं, ते आज लिहिते. संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना दोन बायका कमी पडत होत्या. कर्मचाऱ्यांच्या नात्यातली बाई चालत नाही, हे फॉर्मवरच होतं. तुझं सासरचं आडनाव वेगळं, म्हणून मी गप्प बसले. तू फॉर्म वाचायला घेतलास, तर मी म्हटलं, "अगं, वाचतेस काय? चांगल्यासाठीच आहे." तू हसलीस. "तू सांगतेस ना, मग झालं," म्हणालीस आणि सही केलीस.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "ताई, ऊब कशी लागत नाही गं?" मी म्हटलं, "लागत नाहीच."

तिसरा दिवस मी कोणाला सांगितला नव्हता. दहापैकी किती दुखतंय, असं मी विचारलं. तू उशी पोटाशी आवळून बसली होतीस, ओठ पांढरे पडले होते. "नऊ," म्हणालीस. मी वहीत बघितलं. "काल सात होतं. उपचार चालू असताना वाढेल कसं? नीट विचार करून सांग."

तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. तुला वाटलं असणार, आपल्यामुळे ताईचं काम बिघडतंय.

"मग सहा लिही," म्हणालीस.

मी सहा लिहिलं.

राउंडला डॉक्टरीणबाईंनी सहा वाचलं, "छान" म्हणाल्या आणि पट्टी न उघडता पुढच्या खाटेकडे गेल्या. पाचव्या दिवशी तू तापाने फणफणलीस, टाक्यांतून पू आला. तुला पुन्हा टेबलावर घेतलं. तीन आठवडे तुला पिल्लाला उचलता येईना. बाटलीने त्याला मी पाजायचे. तू पडल्या पडल्या म्हणायचीस, "ताई, तू नसतीस तर माझं काय झालं असतं?" आणि मी ते ऐकून घ्यायचे.

मागच्या आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका आकड्यानं काय होतंय? झालं ते झालं, आता उकरू नका." मग मी अधीक्षकांना लेखी दिलं. मला वॉर्डातून काढून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला बसवलंय. चौकशी होईल म्हणतात, पण पेशंटची तक्रारच नाही म्हणून फाइल मिटवतीलही. तसं बोलणं कानावर आलंय.

मी दिलेल्या कागदाची नक्कल सोबत ठेवली आहे. तारीख, वेळ, तू सांगितलेला आकडा आणि मी लिहिलेला आकडा, सगळं त्यात आहे. मी माफी मागत नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, देऊन मोकळी होशील.

मला उत्तर लिहू नकोस. तक्रार लिही.

ताई