लवू शांत कसा झाला

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

डोळे मिटा म्हणाल्या. मिटले. समोर कोण? लवू! शेजारी बसलेला माणूस मिटल्या डोळ्यांपुढेही येऊन बसतो म्हणजे कमाल झाली.

संचिता मॅडम कट्टा गावाहून स्कूटरने येतात. आरोग्य केंद्रात आम्हा शुगर-बीपीवाल्यांचा दर गुरुवारी वर्ग घेतात — मन जाग्यावर आणायचा. ही वहीसुद्धा त्यांचंच सांगणं. मनात येईल ते लिहा, कोणाला दाखवू नका. घ्या, लिहितो.

आज प्रत्येकाला एकेक काजूगर दिला. लगेच खायचा नाही. चाचपा, वास घ्या, मग हळूहळू चावा. मी तोंडात टाकला आणि दुसरा कधी मिळतो बघत बसलो. लवूने आपला काजू बोटांत फिरवला, कडा चाचपल्या, नाकाशी नेला, ओठाला लावला. सगळ्यांचे पोटात गेले तरी ह्याचा हातातच! मॅडम खूश. "बघा, लवूकाकांना बरोबर कळलं."

लवूला! ज्याने गेल्या मोसमात पर्यटकांचा उडता कॅमेरा वल्ह्याने खाली पाडला, त्या लवूला! आम्ही दोघे एकाच शाळेतून एकाच दिवशी हाकलले गेलेलो. आता तो शांत आणि मी तापट? नाकाला मिरच्या झोंबल्या.

७ नोव्हेंबर

बसलो दहा मिनिटं. मनात आलं ते असं — लवू. बांगड्याचं तिखलं. लवू. पाठ दुखते. लवू.

१० नोव्हेंबर

खरं कारण लिहून टाकतो. वही काय कोणाला सांगायला जाते?

आमचे तांडेल विठोबाआबा ह्या महिन्यात रापणीतली जागा सोडणार. आपल्या किनाऱ्याच्या रापणीचा तांडेल म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. वाळूत उभं राहून पाण्याचा रंग बघायचा, मासळीचा थवा ओळखायचा, टॉवेल उडवायचा. तो उडाला की होडी सुटते, जाळं पडतं आणि सगळा वाडा, अख्खी वस्ती, ते ओढायला दोरीला लागतो. चुकला तर दिवसभराचे हात फुकट. माझा बापूस तांडेल होता. माझी नजर त्याचीच. थवा सगळ्यांच्या आधी मला दिसतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

नावं दोनच आहेत, माझं आणि लवूचं. गेल्या महिन्यात आबांकडे गेलो तर म्हणाले, "दत्तू, नजर तुझी बरी आसा रे. पण तांडेलाक डोक्यां थंड व्हयां. तू टॉवेलाच्या आधी शिवी उडवतंस."

म्हणून हा वर्ग. बीपी गेलं खड्ड्यात. मला तांडेल व्हायचं आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज वाळूत अनवाणी चालायचं होतं. एक पाऊल, त्याच्याकडे लक्ष, मग दुसरं. मी दोनदा मॅडमच्या पुढे गेलो. लवू सगळ्यांच्या मागे — आधी बोटं टेकवणार, वाळू चाचपणार, मग टाच. नवरी उंबरठा ओलांडते तसा! मॅडमनी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेले, फुलं, अंगठे. माझ्या बायकोचाही अंगठा!

जेवताना सुगंधाला विचारलं. म्हणते, "अवो, बरां दिसला म्हणान दिलंय. लवूभावजी कसे निवळले बगा! तुमी भात पण रागान कालवतास."

मी भात रागाने कालवतो! पान तसंच टाकून उठलो. म्हणजे तिचंच खरं झालं.

१५ नोव्हेंबर

मॅडमनी सांगितलंय, मनात जे उठेल त्याला नाव द्या. देतो. मत्सर. जळतो मी लवूवर, अंगाची लाही होते. नाव दिलं. उतरलं नाही काही.

रापण ओढत असताना एका वॉटरस्पोर्टवाल्याची स्पीडबोट सरळ दोरीवर आली. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या, पाण्यात कमरेपर्यंत शिरलो, दगड उचलला. लवू? दोरी धरून उभा. बोटीकडे बघितलंसुद्धा नाही! "जांव दे रे दत्तू. आवाज लांब गेलो. दोरी सोडू नको."

बोट खरंच लांब गेली होती. दोरी मी सोडली होती. जाळ्याचा तेवढा भाग वर आला आणि तिथून तारल्या निसटल्या. आबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग लवूकडे. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ नोव्हेंबर

सकाळी किनाऱ्यावर मांडी घालून बसलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. शेजारच्या गंगूचं कुत्रं येऊन तोंड चाटून गेलं. हललो नाही! बघायला कोणी नव्हतं.

२३ नोव्हेंबर

लवूच्या घरी गेलो. सुकट मागायचं निमित्त. खरं म्हणजे तो नेमकं करतो काय ते बघायला.

दारापुढच्या खळ्यात बसून जाळं शिवत होता — डोळे मिटून! सुई आपली चालतेय, गाठ पडतेय, बोट पुढच्या भोकावर. सीतावहिनी म्हणाली, "आताशा तशेच शिवतत. इचारलंय तर म्हणतत, मॅडमांनी सांगल्यानी." सांगताना तिचा चेहरा मात्र उतरलेला. इतका शांत नवरा मिळूनही बाईला समाधान नाही, असं मनात आलं.

घरी येऊन मीही डोळे मिटून जाळं घेतलं. सुई अंगठ्यात. रक्त. शिव्या. सुगंधा आतून, "झाला काय ध्यान?"

एकाच वर्गात बसतो आम्ही. एकच काजू, एकच वाळू. ह्याला सगळं जमतं आणि माझ्या पालथ्या घड्यावर पाणी! देवाने शांतीसुद्धा तोंड बघून वाटली की काय?

२७ नोव्हेंबर

लवू.

आबांनी देवळात सगळ्यांसमोर सांगितलं. नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज रापण लवूच्या हाती दितत, तेका येश दी रे म्हाराजा!" सगळा वाडा ओरडला, "व्हय म्हाराजा!" मीही ओरडलो. देवळात गप्प राहून कसं चालेल? प्रत्येक वेळी ओरडलो. घसा बसलाय. रडलोही असतो, पण सुगंधा बघत होती.

बापसाची जागा होती ती.

बाहेर लवू आला. हात पुढे केला, तोही असा बाजूला, माझ्याकडे धड नाहीच. मी धरला नाही. म्हणतो, "दत्तू, उद्यापासून माझ्या बाजूक रव. थवो बगूक."

वर ही हौस! तांडेल हा आणि मी ह्याच्या बाजूला छत्री धरून उभा? म्हटलं, "मी तुझो गडी न्हय." सगळ्यांनी ऐकलं. लवूने हात मागे घेतला. शांत ना तो!

३० नोव्हेंबर

रापणीला गेलो नाही. पडवीतून बघितलं.

थवा आला. पाणी काळवंडलं, वर पक्षी घिरट्या घालायला लागले — पडवीतून दिसत होतं मला! लवू उभा. टॉवेल खांद्यावर. उडवेना. थवा आला तसा देवबागच्या बाजूला निघून गेला. दोरी कोरडी.

मी दोनदा भात घेतला. खरंच लिहितो. खूप दिवसांनी चव लागली.

पण संध्याकाळी दुकानावर काय ऐकतो? "लवू घाई करना नाय. वाट बगता. खरो तांडेल!" ह्याचं चुकलं तरी कौतुकच! माझं चुकलं असतं तर वल्ह्याने मारलं असतं.

३ डिसेंबर

सकाळी लवूला ठोकायचं म्हणूनच घरातून निघालो. तोंडावर सांगणार होतो, थवा गेला तुझ्या नाकासमोरून, सोड ती जागा.

किनाऱ्यावर एकटाच उभा होता. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, वीतभर अंतरावर. मूठ उगारली. शब्द जुळवत होतो अजून. ह्याची पापणी लवली नाही. माझ्यातून आरपार समुद्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोण? सीता?"

मूठ तशीच वर राहिली.

"मी," म्हटलं.

"दत्तू," म्हणाला. "मधी काळो डाग आसा रे. दोनय डोळ्यांत. कडेन थोडां दिसता, समोरचां नाय. शुगरान खाल्ल्यान. गोव्याचो डॉक्टर म्हणता, गेला ता गेला."

कधीपासून विचारलं. पावसाच्या आधीपासून. सीतावहिनीला ठाऊक, बाकी कोणाला नाही.

मी ओरडलो, अरे मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, "सांगान काय? मासळीचो वाटो घराक आणून दितीत, दया म्हणान. दोरीक हात लावूक दिवचे नाय." आणि हसला. "लोक म्हणतत, लवू शांत झालो. शांत खंयचो? भितंय मी! घाई केलंय तर पडतलंय. म्हणान हळू चलतंय, हळू खातंय, काटो टोचात म्हणान. मॅडम वाखाणतत. मी गप रवतंय."

मग तांडेलकी घेतलीस कशाला?

"तू बाजूक असतलंस म्हणान."

इथे माझा पहिला विचार लिहायलाच हवा, नाहीतर ही वही फाडून टाकावी. पहिला विचार हा, की आता तांडेल मीच. आबांच्या दारात जायचं आणि एक वाक्य बोलायचं. बस्स. गोड वाटलं, तिथेच उभ्या उभ्या.

आबांकडे न जाता घरी आलो.

४ डिसेंबर, गुरुवार

वर्ग. मॅडमनी विचारलं, "दत्ताकाका, आज मनात काय?" म्हटलं, काही नाही. म्हणाल्या, वा, प्रगती आहे!

लवू माझ्या शेजारी बसला होता. उठताना त्याने माझा खांदा धरला. आधाराला धरतात तसा. मी धरू दिला.

संध्याकाळी आबांच्या दारापर्यंत गेलो. आबा चहा घे म्हणाले. घेतला. आलो.

७ डिसेंबर

बांगडा! होडी भरून, टोपल्या भरून! थवा मला दिसला. लवूच्या कानात सांगितलं — उजवीकडे, लांब, आता! टॉवेल त्याने उडवला. वाड्याने त्याला खांद्यावर घेतलं, फोटो काढले. मी बाजूला उभा होतो, माझं अर्धं डोकं एका फोटोत आलंय. जळलो. खोटं कशाला लिहू, खूप जळलो.

सुगंधा मासे साफ करताना म्हणाली, "बगलास? हेका म्हणतत थंड डोक्यां. तुमका जमला नसता."

म्हटलं, नसतं जमलं.